समुद्र येईपर्यंत जागे राहा

आमच्या ह्यांनी तीस वर्षं लोकांना झोपवलं आणि त्याचा पगार घेतला. गैरसमज नको. शशिधर म्हणजे भूल देणारे डॉक्टर. लंडनच्या एका सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनआधी पेशंटच्या उशाशी बसायचं, हळू आवाजात चार शब्द बोलायचे, सुई टोचायची, की माणूस गाढ. त्यांच्या आवाजाची तिथे ख्याती होती. नर्सेस म्हणायच्या, डॉक्टरांना औषध लागतच नाही, ते आपले सवयीने देतात.

ह्या गृहस्थांना आणखी एक वेड होतं आणि ते मला लग्नानंतर कळलं, म्हणजे उशिराच. भूगोल. हनिमूनला महाबळेश्वरला गेलो, मी नवी कोरी साडी नेसून पॉइंटवर उभी, आणि हे मला पर्जन्यछायेचा प्रदेश दाखवतायत. टोस्टवर लोणी फासताना ह्यांना दख्खनचा लाव्हा आठवतो. भाताचा पहिला घास तोंडात जायच्या आत तो तांदूळ कुठल्या खोऱ्यातला ते सांगून होतं. पण नोकरी होती तोवर मी निभावून नेलं. दिवसभर ऐकायला हॉस्पिटल होतं.

मग हे रिटायर झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

पंधरवड्यात माझे कान किटले. एका सकाळी मी पोहे परतत होते आणि हे मोहरी कुठल्या मातीत येते ते सांगत होते. मी झारा ओट्यावर आपटला.

"अहो, तुम्ही कुठेतरी जा हो! काहीतरी करा. नाहीतर मी तरी जाते."

"जातोच आहे," हे शांतपणे म्हणाले. "सप्टेंबरपासून शाळेत. भूगोलाचा मास्तर होणार."

मला न सांगता ह्यांनी सगळं जमवलं होतं. भूगोलाचा ऑनलाइन कोर्स केलेला, अर्ज केलेला, मुलाखतही दिलेली. इथे शाळा पदवीधरांना शिकाऊ शिक्षक म्हणून पगारावर घेतात. चार दिवस शाळेत शिकवायचं, एक दिवस स्वतः शिकायला जायचं, आणि वर्षाच्या शेवटी पास झालं की पक्का मास्तर. वयाची अट नाही. म्हणजे रोज सकाळी हा माणूस घराबाहेर पडणार होता! मी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घातलं.

इथल्या मराठी मंडळात मात्र नाकं मुरडली गेली. गणपतीच्या आरतीनंतर मधुमतीवहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "अप्रेंटिस? अगंबाई, आमच्या दिराचा मुलगापण अप्रेंटिस होता. फिटर." त्यांचे यजमान अतुलभावजी म्हणाले, "भूल सोडून भूगोल," आणि स्वतःच्याच विनोदावर प्रसाद सांडेपर्यंत हसले. ह्यांना काही वाटलं नाही. ज्या गळ्यात इतकी वर्षं कन्सल्टंटचं ओळखपत्र लटकलं, त्या गळ्यात 'ट्रेनी' लिहिलेली पट्टी घालून हे वेम्बलीतल्या शाळेत जाऊ लागले. वर पट्टी सरळ आहे ना, हे मला रोज विचारायचे.

शाळेत ह्यांना शिकवायला नीना नावाची मुलगी होती, भूगोल विभागाची प्रमुख. वय ह्यांच्या निम्म्याहून कमी. आजी-आजोबा डोंबिवलीचे, ती स्वतः इथेच जन्मलेली. पहिल्या महिन्यातच तिचा मला फोन आला.

"काकू, सॉरी हं, एक विचारू? घरी पण काका असाच बोलते का?"

"कसं?"

"म्हणजे... सॉफ्ट. काकू, काल इयर नाइनची क्लास पूर्ण झोपली. पूर्ण! मी स्टाफरूममधून आली तर लाइट डिम, सगळी मुलं डोकं खाली, आणि काका पाठीमागे खुर्चीवर, व्हेरी हॅपी."

संध्याकाळी मी ह्यांना फैलावर घेतलं. हे जरा ओशाळले, पण फार नाही.

"अगं, मी सगळ्यांचा श्वास बघितला. एकदम नियमित होता. रंगही छान."

"अहो, तो वर्ग आहे!"

"हो ना. एकालाही मळमळ झाली नाही."

काय करणार? तीस वर्षं समोरचा माणूस झोपला की काम फत्ते, अशी ह्यांची सवय. डोकं बाकावर टेकलं की ह्यांचा जीव आपोआप निवांत व्हायचा. आवाज आणखी खाली यायचा, मग बाकीचीही टेकायची. नीनाने सांगितलं, तास सुरू करताना मुलांना प्रश्न विचारा, त्यांना बोलतं करा. दुसऱ्या दिवशी ह्यांनी वर्गात फिरून, भूल देण्याआधी विचारतात तसं, प्रत्येकाला विचारलं, शेवटचं कधी खाल्लंस, कसली ॲलर्जी आहे का, आणि कुठला दात हलतोय का. तनिषा नावाच्या मुलीचा दात खरंच हलत होता. ती घाबरून रडायला लागली. पुढचा तास तिची समजूत घालण्यात गेला आणि समजूत घालता घालता ती झोपली.

डिसेंबरात नीनाने ह्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मार्चमध्ये ट्रेनिंगवाल्यांकडून मिसेस प्रिचर्ड येतील, नववीचा तास बघतील. शुक्रवारी, जेवणानंतरचा शेवटचा तास. तेव्हा वर्ग झोपला तर संपलं, पास होणं विसरा.

त्या दिवशी हे घरी आले आणि भात जेवले. नुसते जेवले. कुठलं खोरं नाही, कुठला पाऊस नाही. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी देव पाण्यात घातले होते ती आली, तर मला ती सोसेना.

"अहो, बोला ना काहीतरी," मी म्हटलं. "तांदूळ कुठला?"

"पाकिटावर लिहिलेलं असेल."

आता मात्र मला रडूच यायला लागलं. मी ताट सरकवलं आणि विचारलं, तुम्हाला हे मास्तरपण एवढं हवंय तरी कशासाठी?

तेव्हा हे म्हणाले, "सुप्रभा, भूल देताना मी प्रत्येक पेशंटला विचारायचो, गाव कुठलं, जवळ नदी कुठली. माणूस घाबरलेला असतो, गावाचं नाव घेतलं की शांत होतो. मग मी त्याच्या नदीबद्दल सांगायला लागायचो, उगमापासून. आणि पहिल्या वळणावर तो झोपायचा. तीस वर्षं गं! हजारो नद्या सुरू केल्या. एकसुद्धा समुद्राला पोचली नाही. मला एकदा, फक्त एकदा, जागं असलेल्या माणसाला एक अख्खी नदी सांगायचीय."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. आणि मग पदर खोचला. माझ्या नवऱ्याची नदी समुद्राला पोचवायची म्हणजे पोचवायची.

दर रविवारी जेवण झाल्यावर मी सोफ्यावर विद्यार्थी होऊन बसायची आणि हे टीव्हीसमोर उभे राहून तास घ्यायचे. अडचण एकच. मला गेली दहा वर्षं धड झोप नाही. गोळ्या झाल्या, जायफळ झालं, डोक्याला तेल झालं. आणि ह्यांनी 'नदीची वळणं' म्हटलं की मी आडवी. परीक्षक म्हणून माझा काडीचा उपयोग नव्हता, पण तब्येत मात्र सुधारली. मंडळात मधुमतीवहिनी मला कुठली क्रीम लावतेस विचारायला लागल्या.

अशाच एका रविवारी मी घोरत असणार, कारण एकदम कानाशी तोफ डागल्यासारखा आवाज आला.

"सुप्रभा! डोळे उघड! झालं सगळं! कुठे आहेस तू?"

मी अशी उडाले की पायाने चहाचा ट्रे गालिच्यावर. शेजारच्या घरातल्या बाईंनी भिंत ठोकून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी ह्यांच्यावर चवताळले.

"अहो, जीव घ्याल का माझा! आणि हा... हा आवाज कुठला? इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होतात?"

"हा रिकव्हरीतला," हे साधेपणाने म्हणाले. "ऑपरेशन झालं की पेशंटला उठवायचा. नावाने हाक मारायची आणि विचारायचं, कुठे आहेस तू. उत्तर बरोबर आलं तर माणूस शुद्धीवर."

"मग हाच वर्गात लावा की!"

"तो कसा लावणार?" हे माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघायला लागले. "मुलं जागी असतात सुरुवातीला. जागत्या माणसाला उठवत नाहीत, सुप्रभा. तसा नियम नाही."

मी कपाळाला हात लावला. मार्च येईपर्यंत मी रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, तनिषाची शपथ घालून पाहिली. हा माणूस जागत्याला उठवायला तयार होईना.

तो शुक्रवार आला. मी सकाळपासून देवासमोर. ह्यांना दही-साखर दिली, पट्टी सरळ केली, आणि बजावलं, "हळू बोलू नका. मोठ्याने बोला. हळू बोलू नका." हे बस-स्टॉपपर्यंत मान हलवत गेले.

दिवसभर फोन नाही. संध्याकाळी दार वाजलं तर बाहेर हे आणि बरोबर नीना. हे आत आले, कोट न काढता खुर्चीवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. मी समजले. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ साबुदाणा वडे तळायला लागले. नीना माझ्या मागोमाग आत आली आणि तिने पहिला वडा तोंडात घालून सांगायला सुरुवात केली.

"काकू, स्टार्ट एकदम टेरिबल. काका नर्व्हस झाला. नर्व्हस झाला की काका अजून सॉफ्ट होते! रिव्हर ब्रेंटची फर्स्ट वळण, आणि अर्धी क्लास गेली. मी बॅकला बसून हात हलवते, काका बघत नाही. आणि मिसेस प्रिचर्ड वॉर्म रेडिएटरच्या बाजूला बसली होती."

"मग?"

"काकू, ती पण गेली."

माझ्या हातातला झारा कढईत पडला. "कोण, प्रिचर्डबाई? परीक्षक?"

"फुल झोप! तोंड ओपन. काका गेला, तिची ब्रीदिंग चेक केली, आणि असं—" नीनाने समाधानाने मान डोलावून दाखवली. "आणि मग काकाला कळलं की ही कोण आहे. त्याची फेस, काकू! आणि मग तो एवढी मोठी ओरडला—"

बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. रिकव्हरीतला.

"मिसेस प्रिचर्ड! ओपन युवर आइज! ऑल डन! व्हेअर आर यू?"

पुढचं मग दोघांनी मिळून सांगितलं. बाई दचकून उठल्या आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "लॅनिडलोस." वेल्समधलं त्यांचं लहानपणचं गाव. आता ह्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. पण ह्यांनी गावाचं नाव ऐकलं आणि ह्यांना राहवलं नाही.

"लॅनिडलोस! म्हणजे सेव्हर्न नदी!" हे त्याच आवाजात ओरडले. "तुमच्या गावाच्या वरच्या डोंगरात उगम! तनिषा! डोळे उघड! सेव्हर्न पुढे कुठे जाते?"

वर्ग ताडकन उठला होता. अर्धी मुलं हसत होती, अर्धी नकाशाकडे धावत होती. तनिषाने बोट ठेवलं, श्रूझबरी. मग ह्यांनी पुढच्याला नावाने हाक मारली, डोळे उघड, आता तू कुठे आहेस? वुस्टर. आणि तू? ग्लॉस्टर. प्रत्येक मुलगा आपली हाक येणार म्हणून बाकाच्या टोकावर. मिसेस प्रिचर्डसुद्धा उभ्या राहून, नाही नाही, आधी ते मोठं वळण, असं सांगत होत्या. आणि घंटा व्हायच्या जरा आधी सगळी नववी एका सुरात ओरडली, "समुद्र!"

"आणि निकाल?" मी विचारलं.

"पास हो, काकू! मिसेस प्रिचर्ड म्हणली, बिगिनिंग मला नीट आठवत नाही, पण बाकी सुपर्ब."

मी बाहेर धावले. हे अजून भिंतीकडेच बघत होते, पण आता मला दिसलं की चेहरा हसरा होता आणि चष्म्याखाली गाल ओले होते.

"सुप्रभा, नदी समुद्राला पोचली," हे म्हणाले. "सगळे जागे होते."

आता हे पक्के मास्तर आहेत. शाळेत दिवसभर ओरडतात आणि घरी घसा बसलेला असतो म्हणून गप्प असतात. मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि त्याबरोबर माझी झोप पुन्हा उडाली. शेवटी मागच्या रविवारी वरणभात झाल्यावर मीच सोफ्यावर बसले आणि म्हटलं, "अहो, जरा एखादी नदी सांगा ना."

हे इतके खूश झाले की बसल्या जागेवरून ताडकन उठले. "कुठली?"

"कृष्णा." मी सांगलीची. महाबळेश्वरला उगमापाशी ह्यांनी ती सुरू केली होती, चौतीस वर्षांपूर्वी, आणि मी तेव्हा ऐकली नव्हती. ह्या खेपेला मी मनाशी ठरवलं, माझं माहेर येईपर्यंत तरी डोळे मिटायचे नाहीत. समुद्राचं मग बघू.

हे हळू आवाजात सांगू लागले. डोंगर आला, वाई आली, घाट आले, माहुलीला वेण्णा येऊन मिळाली. मी स्वतःला चिमटे काढत होते. आणि एकदम कानाशी तोफ.

"सुप्रभा! डोळे उघड! कुठे आहेस तू?"

"कऱ्हाडला," मी म्हटलं. "संगमावर."

"मग नीट बस," हे म्हणाले आणि माझ्या पाठीशी उशी सरकवली. "सांगली आता जवळच आहे."