आईच्या तोंडचं वाक्य

कॅमेऱ्याचे मोबाइल नुकतेच गावात आले होते. ज्याच्या हाती पडला त्याला काय टिपू नि काय नको असं झालं होतं. अशाच एका दीडशहाण्यानं आमच्याकडच्या गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या आईला टिपलं. चौघांच्या सीटवर ड्रायव्हर सहावी बाई कोंबत होता, आणि आई उसळली, "मानसं हाव आमी, हळदीचे पोते न्हाई!"

बस्स, एवढंच. पण बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणारं एक दुकान होतं. त्या दीडशहाण्यानं तिथं दिलेला हा व्हिडिओ दुकानदाराला इतका आवडला की गाणी कोणतीही मागा, सोबत माझी आई फुकट. भजनं भरून घ्यायला गेलेल्या म्हाताऱ्यांच्या कार्डातसुद्धा ती! बघता बघता वाक्य सेनगावला गेलं, वसमतच्या हळदीच्या बाजारातही पोचलं. लग्नाच्या पंगतीत दाटी झाली की तेच. मी शाळेत शिकवायचे, तिथं बाकावर तिसरं पोरगं बसलं की तेच. आणि कळस म्हणजे, जीपवाले स्वतःच ते वाक्य म्हणत माणसं कोंबायचे नि माणसं हसत हसत सरकून घ्यायची. माझं डोकं फिरायचं.

आई मात्र खूश. तिला वाटायचं, आपलं म्हणणं लोकांना पटलं.

"माय, हसून राहिले ते तुला," मी कितीदा सांगितलं.

"हसू दे. बोलून बी राहिले ना? एकट्या बाईचं कोन ऐकतंय? आता समदे माझ्या बाजूनं हायेत."

पालथ्या घड्यावर पाणी! याच भरवशावर ती ग्रामसभेला निघाली. गावात नळ आले होते, आमच्या वस्तीत नव्हते. बायका उन्हातान्हात शिवारातल्या विहिरीवर जायच्या. पाइप वस्तीपर्यंत आणा, एवढंच तिला मागायचं होतं. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून ती गेली. मीही गेले.

ती उभी राहिली, पदर सावरला. तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ते वाक्य फेकलं आणि अख्खी सभा एका सुरात ओरडली. सरपंचही पोट धरून हसले. आईसुद्धा हसली, तिला ते स्वागतच वाटलं. मग तिनं नळाचं काढलं, तर पुन्हा तोच गलका. ती थांबली, पुन्हा बोलू लागली, पुन्हा गलका. शेवटी ग्रामसेवकानं डोळे पुसत पुढचा विषय घेतला.

परतताना मी रागानं धुमसत होते. कुणाकुणाच्या कानाखाली वाजवावी, हेच डोक्यात.  वस्तीच्या वळणावर आई थांबली.

"बोलले तर समदे माझ्यासंगं," ती म्हणाली. "मंग नळाचं कोनीच काहून न्हाई बोललं?"

इतके दिवस मी तिला हेच तर समजावत होते. त्या वळणावर मात्र मी एवढंच म्हणाले, "चाल माय, घरी जाऊ."