कोन बोलतंय?

आमची लाइनबाय फोनवर कधी नंबर विचारत नसे. "कोन बोलतंय?" एवढंच विचारी. समोरच्याच्या तोंडून दोन शब्द निघाले, की त्याला मुंबईची लाइन द्यायची की ताटकळत ठेवायचं, हे तिचं ठरलेलं असे.

आगाशीच्या पुढच्या आमच्या गावात टेलिफोन एक्सचेंज म्हणजे एका घराची पुढची खोली, एक बोर्ड आणि मुंबईला जाणारी एकुलती एक लाइन. त्या बोर्डापुढे कानाला हेडफोन लावून ही अर्नाळ्याची कोळीण बसलेली असे. दुकानातल्या एका फोनवरून अख्खी आळी बोलायची, त्यामुळे नंबरावरून माणूस कळायचा नाही. "डबा दुकानाचा, पन तोंड कोनाचं ते बघाया नको?" असं ती म्हणे. लाइन आधी डॉक्टरांना, मग मयताच्या निरोपाला, आणि केळीचा भाव विचारणारे आम्ही वाडीवाले सगळ्यांच्या मागे. एकदा कंपाउंडरनं डॉक्टरांचा आवाज काढून सिनेमाच्या तिकिटांसाठी लाइन मागितली. "डॉक्टर आधी खाकरतात रं, मंग बोलतात," म्हणत तिनं पिन उपटली. पुढे कितीतरी दिवस तो तिला पाहून गल्ली बदलत असे.

तिला स्वतःला मात्र उठायची सोय नव्हती. ती सुट्टीवर असली की तिच्या जागी बसणाऱ्या मुलीला कुणाचा आवाज ओळखू यायचा नाही, भलत्यालाच लाइन मिळायची. मग लोक अर्नाळ्याला जाऊन लाइनबायला भरल्या ताटावरून उठवून आणत. हेडफोनची वायर दाखवून ती म्हणे, "बैलाला तरी सांजंला सोडतात."

तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. त्याला माझगावात खोली मिळाली आणि पाठोपाठ हिच्या मुंबईला बदलीचा हुकूमही आला. त्या दिवसांत ती बोर्डावर गुणगुणायची, फोनमधून आम्हाला ऐकू यायचं. गावाचं मात्र धाबं दणाणलं. नवी बाई आपल्याला ओळखणार कशी? माझ्या वडिलांनी चार वजनदार माणसं जमवली, टेलिफोनच्या साहेबाला गाठलं आणि बदली रद्द करून आणली. वर पेढे घेऊन तिच्याकडेच गेले! मीही सोबत होते. तिनं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"लई माया केलीत, काका," ती म्हणाली. "आता भायेरनं कडी बी लावा."

वडील हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

खोली हातची गेली. नवरा काही वर्षं रविवारी यायचा, मग मस्कतला गेला, आणि हळूहळू त्याची खबरबातही थांबली.

पुढे डायलचे फोन आले, बोर्ड निघाला आणि लाइनबायची बदली झाली, मुंबईलाच. आता तिथे तिचं कुणी नव्हतं. निरोप घ्यायला आली तेव्हा वडील म्हणाले, "पोचलीस की फोन कर गं." ती नुसती हसली.

संध्याकाळी त्यांनी आमचा नवा फोन उचलला. सवयच ती, डायलला बोट लावलं नाही. "बाय, मी बोलतोय," ते म्हणाले. पलीकडे नुसती घरघर. थोडं थांबून त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, "मी गं, बाय." मग रिसीव्हर कानाला तसाच धरून ते उभे राहिले.