जिराफ बसून पाणी पितो

भिंगारच्या बाजारात पुंजारामचं चहाचं हॉटेल होतं. कारभारी दहातोंडे तिथे रोज सकाळी साडेसातला येत आणि आठला उठत. लष्करी वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर म्हणून तेवीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर खाकी सुटली, पण मनगटावरचं घड्याळ सुटलं नाही. त्या अर्ध्या तासात कुणी ना कुणी विषय काढायचाच की कारभारी, तुमचा तो जिराफ होऊ द्या. मग कारभारी सांगत. एक्केचाळीस साली लढाईवर जाताना बोट मोंबासाला लागली, तिथून गाड्या घेऊन आत जंगलात गेलो आणि एका पाणवठ्यावर जिराफ पाहिला. दोन मजली घराएवढा. पाणी प्यायला तो पुढचे गुडघे मोडून खाली बसला, तेव्हा कुठं त्याचं तोंड पाण्याला लागलं.

ही गोष्ट भिंगारमध्ये जवळजवळ तीस वर्षं चालली. शाळेच्या मास्तरांनी एकदा पोरांना ऐकवण्यासाठी कारभारींना वर्गात बोलावलं होतं. पोरांनी वह्यांमध्ये बसलेले जिराफ काढले.

गोष्ट खोटी होती. बोट मोंबासाला लागली होती हे खरं. अकरा दिवस ती बंदरात उभी होती हेही खरं. पण बोटीवर देवीची साथ निघाली आणि कुणालाही खाली उतरू दिलं नाही. कठड्याला टेकून कारभारींनी अकरा दिवस आफ्रिका पाहिली. पांढरी वाळू, माडांची रांग आणि मागे निळसर टेकाड. बाराव्या दिवशी बोट हलली ती थेट इजिप्तला. तिथे दोन वर्षं त्यांनी वाळवंटात ट्रक चालवला, उंट भरपूर पाहिले. जिराफ एकही नाही.

हे एकट्या कारभारींना ठाऊक होतं. बायको बनुबाईंनाही त्यांनी जिराफच सांगितला होता, तोही लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत. मग तो मागे घ्यायची वेळ कधी आलीच नाही.

सत्तरच्या दिवाळीत लेकीचं, केशरचं पत्र आलं. तिचा नवरा रंगनाथ कोल्हारचा. मोंबासाच्या गोदीत फिटर म्हणून लागून त्याला वर्ष होत आलं होतं. गोदीनं समुद्राकाठी क्वार्टर दिलं होतं. दोघांनी महिनाभर विश्रांतीला यावं, बोटीची तिकिटं पाठवतो, असं केशरनं लिहिलं होतं. खाली रंगनाथच्या अक्षरात चार ओळी होत्या. ‘मामा, इथून शंभर मैलांवर जनावरांचं मोठं राखीव रान आहे. आम्ही अजून पाहिलेलं नाही. तुम्ही आत जाऊन आलेले, तेव्हा किती दिवस, कसं जायचं, काय खर्च, हे तुम्हीच ठरवून कळवा. मामींना जिराफ दाखवू.’

कारभारींनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवशी ते हॉटेलात गेले नाहीत.

नाही म्हणायला कारण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटत नव्हतं. आपण सांगितलेला जिराफ मरायच्या आत एकदा बघावा, तोही बायको शेजारी असताना, ही इच्छा त्यांच्या मनात पत्र येण्याच्या फार आधीपासून होती. एकदा तो पाहिला की गोष्ट खोटी राहणार नव्हती. निदान तिच्यातला अर्धा भाग तरी.

त्यांनी शाळेतून नकाशाचं पुस्तक आणलं आणि दोरा लावून अंतर मोजलं. शंभर मैल म्हणजे नगर ते नाशिक. रंगनाथला पत्र टाकून तिकडचे भाव मागवले. पहिला आराखडा त्यांनी लष्करी पद्धतीनं केला. वेगळी मोटार, तीन दिवस, रानातल्या लॉजमध्ये दोन रात्री. बेरीज नऊशे साठ शिलिंग झाली. शिलिंग आणि रुपया जवळजवळ बरोबरीचे, पण रुपया इथून नेता येत नव्हता. सरकार माणशी जेवढं परकीय चलन देत होतं, त्यात दोन दिवसांचा चहा झाला असता. त्यावर रंगनाथनं तोड काढली. तिकडचा खर्च तो करील, त्या बदल्यात मामांनी कोल्हारला त्याच्या आईला, दगडाबाईंना, तेवढ्या किमतीची ज्वारी घालावी. ज्वारीचं पोतं ऐंशी रुपयांना होतं.

म्हणजे बारा पोती. पाथर्डीकडच्या कोरडवाहू रानातून कारभारींच्या वाट्याला वर्षाला सहा यायची आणि घरात चार लागायची.

दोन पोत्यांत जिराफ बसवायचा होता. कारभारी पाटीवर लिहीत आणि पुसत. बनुबाई निवडायला सूप घेऊन समोर बसत. लॉज गेला, अडीच पोती वाचली. वेगळी मोटार गेली. रंगनाथच्या ओळखीचं एक गुजराती कुटुंब गाडी करून जाणार होतं, त्यात दोघांपुरत्या दोन जागा, दीड पोतं. तीन दिवसांचा एक दिवस झाला. रानाच्या फाटकावर दोघांची फी, अर्धं पोतं. इथे दोन पोती संपली, आणि गाडीवाल्याला खुशीचे वीस शिलिंग द्यायचे राहिले. कारभारी म्हणाले की ते सोडून देऊ. बनुबाईंना हे पटलं नाही. स्वतः जन्मभर गाडी हाकलेल्या माणसानं दुसऱ्या गाडीवाल्याला कोरडं वाटेला लावावं, याची त्यांना लाज वाटली. दगडाबाईंना निरोप गेला आणि त्या उरलेल्या पाव पोत्याच्या जागी दोन कोंबड्यांवर राजी झाल्या.

आता महिना ठरायचा होता. कारभारींना पावसानंतरचं हिरवं रान हवं होतं. बनुबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुमी गेलता तवा कंचा महिना हुता?"

"आठवत न्हाई."

"हिरव्या रानात काय दिसतंय? पानी जागोजाग, जनावर कुठंबी जातंय. पाथर्डीकडं उन्हाळ्यात एकच डोह ऱ्हातो, तर काळविटं तिथंच येत्यात. कोरडा महिना धरा आन पान्यापाशी बसा."

कारभारींनी पाटीवर फेब्रुवारी लिहिलं. जंगलात जाऊन आलेला माणूस म्हणून हे आपण बोलायला हवं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. बनुबाईंच्याही आलं असावं, पण त्या परत निवडायला लागल्या.

जानेवारीत दोघं मुंबईहून बोटीनं निघाली आणि दहाव्या दिवशी मोंबासाला उतरली. कठड्यावरून पाहिलेली वाळू कारभारींच्या पायाखाली आली. पहिला आठवडा दोघं नुसती किनाऱ्यावर बसली. बनुबाई पातळ पोटरीपर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहत आणि लाट आली की मागे सरत. दुसऱ्या आठवड्यापासून त्या शेजारणीबरोबर भाजीबाजारात जाऊ लागल्या. कारभारी घरी घड्याळ लावून वाट बघत.

सफारीच्या आदल्या दिवशी केशर आणि रंगनाथ मालिंदीला एका लग्नाला गेली होती, मुक्कामही तिकडेच होता. दुपारी गाडीवाला आला. हिंदी त्याला दोन-चार शब्दांपुरती येत होती. तो म्हणाला, "कल. सा कुमी ना म्बिली." मग त्यानं दहा बोटं दाखवली, नंतर दोन, आणि हसून निघून गेला.

कारभारींनी घड्याळाकडे पाहून निर्णय दिला की उद्या बारा वाजता निघायचं. सकाळी सावकाश उठू, जेवूनच बाहेर पडू. संध्याकाळी बनुबाईंनी पिठाचा डबा काढला आणि दशम्या करायला घेतल्या.

"आत्ताच कशाला?" कारभारींनी विचारलं.

"तांबडं फुटायला निघायचं हाय न्हवं?"

कारभारींनी पुन्हा बोटांचा हिशेब सांगितला. दहा आणि दोन बारा.

"बाराच. पर हितं दिस उगवून तासभर झाला की एक वाजतो," बनुबाई म्हणाल्या. "भाजीवाली सकाळच्या साताला एक म्हनती. मी रोज ऐकती. रात सरली की त्यांचं बारा वाजत्यात." तव्यावरची दशमी त्यांनी उलटली. "तुमी हितं गाड्या हाकल्या. तुमाला ठावं आसंल."

कारभारींनी मनगटावरचं घड्याळ काढलं, त्याला किल्ली दिली आणि परत बांधलं. रात्री झोप लागली नाही. बायकोचं ऐकावं तर आपला जिराफ पडतो, घड्याळाचं ऐकावं आणि ती खरी निघाली तर दोन पोती आणि दोन कोंबड्या जाऊन खरा जिराफही हातचा जातो. साडेपाचला ते उठले आणि बूट घातले.

सहाला गाडी आली. एक मिनिटही इकडेतिकडे नाही.

नऊला रानात शिरले. लाल माती, वाळलेलं गवत, बाभळीसारखी झाडं. बनुबाईंना वाटलं की पाथर्डीच आहे, नुसती मोठी करून अंथरलेली. गुजराती मंडळींना सिंहामागे जायचं होतं. बनुबाईंनी गाडीवाल्याच्या खांद्याला हात लावला, ओंजळीनं पाणी प्यायची खूण केली आणि बोट खाली रोखून इथंच थांब असं दाखवलं. तो मान हलवून हसला. गाडी एका डबक्यापाशी उभी राहिली.

पाऊण तासानं तो आला. झाडांमागून आधी मान आली, मग बाकीचा. डबक्याच्या काठावर तो बराच वेळ उभा राहून चाहूल घेत राहिला. मग पुढचे दोन पाय त्यानं थोडे बाजूला टाकले, आणखी थोडे टाकले, घडीची शिडी उघडावी तसे फाकवले आणि त्यांच्यामधून मान खाली सोडली. गुडघे मोडले नाहीत. तो बसला नाही.

कारभारी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले होते. बनुबाईंनी आधी जिराफाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मी त्या टायमाला बोटीवरनं उतरलोच न्हवतो," कारभारी खालच्या आवाजात म्हणाले.

"कालच कळालं," बनुबाई म्हणाल्या. "आता बघा की नीट. पुन्यांदा कुठं येनार हाय आपन."

दोघांनी नीट पाहिलं. पाणी पिऊन होईपर्यंत जिराफानं तीनदा मान वर केली, आणि दर वेळी पाय जवळ घेऊन पुन्हा फाकवले. परतल्यावर कारभारींनी गाडीवाल्याला वीस शिलिंग दिले आणि उरलेल्या चार दशम्याही.

मार्चमध्ये दोघं भिंगारला आली. त्याच संध्याकाळी अंगणात वीसेक माणसं जमली. पुंजाराम चहाची किटली घेऊनच आला. सिंहाचं झालं, हत्तींचं झालं, समुद्राचं झालं. मग पुंजारामनं कप खाली ठेवले.

"वहिनी, यांचं आमी तीस वरसं ऐकलं. आता तुमी सांगा. जिराफ खरंच बसून पानी पितो का?"

कारभारी घड्याळाकडे बघत होते. बनुबाईंनी पदर सारखा केला.

"तवा बसत आसंल, भावजी," त्या म्हणाल्या. "आता न्हाई बसत."

मग कारभारी उठून अंगणाच्या मधोमध आले, ओणवे झाले, दोन्ही हात फाकवून जमिनीवर टेकले आणि जिराफ आता कसा पितो ते त्यांनी दाखवलं.