डाव्या कोपऱ्यातला माणूस

संघात त्याला सगळे खांब म्हणत. उंचीमुळे म्हणत, तसंच कामामुळेही. समोरच्या गड्याची वाट अडवून छाती काढून उभं राहायचं, धक्के खायचे आणि बॉल हाताला लागला की न बघता डाव्या कोपऱ्यात फेकायचा. तिथं डावखुरा असायचा. बास्केट डावखुऱ्याची, टाळ्या डावखुऱ्याच्या. कोपरं खाऊन निळ्या पडलेल्या बरगड्या तेवढ्या खांबाच्या.

मोठ्या शहरातल्या संघानं दोघांनाही बोलावलं होतं. डावखुरा गेला. खांबाला म्हातारे सर म्हणाले, "तूही गेलास तर मी काय खुर्च्यांना खेळवू?" एवढ्यावर गडी विरघळला. बायकोनं बांधलेलं सामान पुन्हा सोडलं, आणि पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी भांडी आपटूनच बोलली.

म्हातारे सर वारले, मालक बदलले, जर्सीचा रंगसुद्धा बदलला. खांब तिथंच. गुडघ्यानं मात्र दगा दिला. सकाळी जिना उतरताना तो कठडा धरून खेकड्यासारखा तिरका उतरायचा. शेवटच्या हंगामात त्याचं बूड बाकावरनं उठलंच नाही. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बास्केट केलेलं मी कधी बघितलंच नाही." बोलली सहज, पण त्यानं उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

निरोपाचा सामना ठरला, तेव्हा त्याला एवढंच पाहिजे होतं: पोरीच्या डोळ्यांदेखत एक बास्केट.

सामना हातात आला होता. नव्या कोचनं अगदी शेवटी हाक मारली, "खांबदादा, उठा." पोरांचं आधीच ठरलेलं. कर्णधार कानाशी येऊन म्हणाला, "दादा, आज कुणाला अडवू नका. जाळीखाली उभे राहा. बॉल आला की टाका."

"चुकला तर?"

"पुन्हा देऊ. आम्हाला आज दुसरं काम काय?"

पण बॉल यायलाच उशीर झाला. आला तेव्हा समोरचा गडीही भला निघाला. अर्धं पाऊल मागं सरला. वर जाळी, हातात बॉल, मध्ये कुणी नाही. नुसते हात वर केले असते तरी भागलं असतं.

हातांनी त्याला विचारलंच नाही. मान न वळवता त्यांनी बॉल डाव्या कोपऱ्यात सणसणीत फेकला. तिथं कुणीच नव्हतं. बॉल पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर आदळला, आणि त्याचा आवाज विरतो न विरतो तोच भोंगा वाजला. पुन्हा द्यायला वेळ राहिला नव्हता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बॉल चुकला त्यापेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या.

घरी जाताना मुलगी त्याची बॅग घेऊन पुढं चालली होती. एकदाच मागं बघून म्हणाली, "पास भारी होता, बाबा."

जिन्यापाशी बायको थांबली. "अहो, तुमच्या त्या डावखुऱ्याला कळवलं तरी होतं का, आज शेवटचा सामना म्हणून?"

"कळवलं होतं."

"मग?"

"खुर्ची राखून ठेवली होती."

कुठली खुर्ची, ते तिनं विचारलं नाही. त्यानं कठडा धरला आणि चढू लागला. आज चढतानाही तिरकाच.