टाइम ऑफिसातल्या टेप

टेप थोडी पुढे जायची, अडकायची, मागे यायची, पुन्हा पुढे जायची आणि पुन्हा अडकायची. मशीनला धाप लागल्यासारखं वाटत होतं. पुण्याच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये सगळे तिच्याभोवती जमले होते.

त्या टेपवर कोल्हारजवळच्या एका साखर कारखान्याची ऊसनोंदणी होती. कुणाचा ऊस कधी लावला, कुणाची तोड आधी. गळीत तोंडावर आलं होतं. अशा टेपच्या आम्ही तीन पिढ्या ठेवायचो. सगळ्यात ताजी तो मुलगा, आधीची बाप, त्याआधीची आजोबा. मुलगा मशीनमध्ये गुंतून फाटला होता. सेंटरला आग लागली तरी वाचाव्यात म्हणून बाकीच्या दोन्ही टेप कारखान्यावर ठेवलेल्या. त्यातला बाप मागवला, तर त्याची ही गत.

"आजोबा तू स्वतः जाऊन आण," आमचे मॅनेजर साठेसाहेब म्हणाले. "आणि तिथे काय चाललंय ते बघ."

कारखान्यावर टेप ठेवायची खोली मीच निवडली होती. कामगारांची हजेरी लागायची ते जुनं टाइम ऑफिस. बॉयलरपासून लांब, कोरडी, धूळ नाही. टेपला आणखी काय लागतं?

स्टोअरकीपर उस्मानभाईंनी कुलूप काढलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडून बाहेरच्या स्टुलावर ठेवलं.

"हे कशाला?"

"आत बंद पडतं साहेब. तुमचं बी पडंल."

"कशानं?"

"आमचे टाइमकीपर या खुर्चीतच गेले. भोंगा वाजला, समदी पाळी सुटली, आन् हे बसल्यालेच. तवापासून हितं कुनी थांबत न्हाई. मानूस लई चांगला हुता."

मी हसून आत गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र गारवा. लाकडी मांडणीसमोर वाकून मी खालच्या फळीवर माझ्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि टेपचे डबे बघू लागलो. सहज घड्याळाकडे नजर गेली. सेकंदकाटा एकाच जागी थरथरत होता.

तेवढ्यात किल्ल्या हलल्या. माझ्या डोळ्यांदेखत जुडगा फळीवरून सरकत गेला आणि मागच्या प्लायवूडच्या पार्टिशनला जाऊन चिकटला.

"या अल्ला!" उस्मानभाई दारातून मागे झाले.

माझेही पाय दाराकडे वळले होते. पण सरकलेल्या किल्ल्यांवरून डोक्यात काहीतरी आलं. गुंडाळलेल्या टेपची एकच बाजू बिघडली, तर ती चालवताना दर वेढ्याला एकदा अडकणार. पुण्यात नेमकं तसंच होत होतं. म्हणजे टेपच्या एका बाजूला काहीतरी उभं होतं, पार्टिशनच्या पलीकडे.

पलीकडे गोडाऊन होतं. आम्ही पोती हलवली. प्लायवूडला टेकून चुंबकाची जाडजूड पाटी उभी होती. साखरेत आलेला लोखंडाचा कीस, खिळे धरायला अशी पाटी बसवतात. टेपवरची माहिती म्हणजे तरी काय, चुंबकाच्याच बारीक खुणा. मोठं चुंबक शेजारी आलं की त्या पुसल्या जातात.

बाप खालच्या फळीवर होता; आजोबाचा डबा मात्र वरच्या फळीवर, पार्टिशनपासून दूर होता. तो मी छातीशी धरला.

"सापडलं तुमचं भूत," मी म्हणालो.

उस्मानभाई हसले नाहीत. हळूच म्हणाले, "साहेब, ही पाटी पोळ्याला आली. माझं घड्याळ त्याच्या आदी, आखाडातच बंद पडलं हुतं."

मी डबा घेऊन निघालो. परतताना पुण्यापर्यंत ते वाक्य डोक्यात होतं.

आजोबा न अडखळता वाचला गेला. नंतरचे बदल पंचकार्डांवर होते, ते त्यावर चढवले. गळीत वेळेवर सुरू झालं. रिपोर्टमध्ये मी चुंबकाचं लिहिलं, आखाडाचं नाही.

"चुंबक तर काढलं. मग खोली का बदलायची म्हणतोस?" साठेसाहेबांनी विचारलं.

"बदललेली बरी, साहेब."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

चांगली टेप घ्या, गार आणि कोरड्या जागी ठेवा, हे सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन, की ती अधूनमधून मशीनवर चढवून वाचून बघा. आणि जागा निवडताना, ती इतके दिवस रिकामी का आहे, हे आधी विचारा.