डावमामी

ढाब्यावर जेवायला आलेल्या ड्रायव्हरला आमची मामी पाणी द्यायच्या आधी विचारायची, "दादा, तुमच्या गावाकडं पोरं काय खेळत्यात?" माणूस रात्रभर स्टिअरिंग धरून आलेला, पोटात कावळे ओरडताहेत, आणि ही बाई त्याला खेळ विचारतेय! पण त्यानं सांगितलेला खेळ नवा निघाला की मामीचा आनंद बघावा. हातातलं उलथनं तसंच घेऊन ती त्याच्यासमोर बसायची. त्या ड्रायव्हरला चहा फुकट आणि शेवभाजीवर तर्री दुप्पट.

ढाबा बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात, तिथं गाड्या कुठून कुठून येतात, आणि मामीनं त्या गाड्यांमधून खेळ उतरवून घेतले. कर्नाटकातल्या एकानं खळग्यांच्या पाटावर बिया वाटत जायचा खेळ शिकवला. सेलमच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं वाघ-बकरीचा तिकोनी पट शिकवला. सुरतेच्या एकानं खोक्यातला व्यापाराचा खेळ आणून दिला. त्यातल्या नोटा उंदरांनी कुरतडल्या, तरी तो तिनं टाकला नाही. जो पट आवडेल तो ती ऑइलपेंटनं थेट ढाब्याच्या टेबलावर रंगवायची. प्रत्येक टेबलावर वेगळा खेळ! सोंगट्या म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं नि चिंचोके. ड्रायव्हर मंडळी तिला डावमामी म्हणायला लागली, आणि मग आम्हीही. ही टेबलं एकदा भंगारात जाता जाता राहिली. त्या दिवसाचं सांगायचंय, पण आधी मामीबद्दल सांगते.

एकदा नवकंकरीच्या टेबलावर एक ड्रायव्हर असा रंगला की गाडीचं भानच राहिलं नाही. मालकाचा फोन आला, शिव्या टेबलापलीकडं ऐकू येत होत्या. मामीनं फोन स्वतःच्या कानाला लावला. "दादा, तुमचा माणूस हरायला लागलाय. हरून घेऊ द्या, मग लावते वाटंला." मालक तिकडं हसला असावा, कारण ड्रायव्हर डाव पुरा करून गेला.

सुट्टी लागली की मी माझ्या लेकीला, मुक्ताला घेऊन पुण्याहून निघायचे. बीडचे मावसभाऊ, त्यांची पोरं, सगळा गोतावळा ढाब्यामागच्या घरात जमायचा. पोरांची पुस्तकं, मोबाईल कुठल्या कुठं! पुण्याहून आम्ही मोठमोठ्या खोक्यांतले नवे खेळ न्यायचो. मामी आधी सोंगट्या उन्हाला धरून न्याहाळायची, मग म्हणायची, "लई गोड हाय गं, पण ह्याच्यात हरायचं कसं ते सांग." मुलांना मुद्दाम जिंकू देणं तिला मुळीच खपायचं नाही. मुक्ता सहा वर्षांची होती तेव्हा मामीनं तिला सलग हरवलं. पोरगी भोकाड पसरून रडली. मी डोळ्यांनी खुणावलं, अगं, एकदा सोड की! मामीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "रडून घे बाई, मी थांबते," म्हणाली, आणि खरंच थांबली. मुक्तानं नाक पुसलं आणि चिंचोके पुन्हा मांडले.

एक सवलत मात्र मामीकडं होती. नवखा माणूस पहिला डाव खेळत असला की त्याची चूक समोरच्यानं सांगायचीच, मग स्वतःचं नुकसान झालं तरी. दुसऱ्या डावापासून ज्याचं त्यानं बघायचं. हा नियम तिनं पोरांना, ड्रायव्हरांना, गावातल्या सरपंचांनासुद्धा लावला.

ह्या सगळ्यात एकच माणूस कधी खेळला नाही, तो म्हणजे आमचा मामा. तो गल्ल्यावर बसून धुसफुसायचा. "ढाबा हाय का बालवाडी? जेवलेलं गिऱ्हाईक उठत न्हाई, भुकेलं गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय!" त्याचंही खोटं नव्हतं. आता हायवेवर मोटारी वाढल्या होत्या, बायकापोरांसह माणसं यायची, त्यांना चकचकीत टेबलं हवी असायची.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे तिथंच असताना त्यानं जाहीर करून टाकलं. ग्रॅनाइटची टेबलं येणार, जुनी भंगारवाल्याचा टेम्पो घेऊन जाणार, आणि तोही आजच! पोरं तर टेबलांना मिठ्याच मारून बसली. मामीनं पदराला हात पुसले.

"एक डाव खेळा माझ्यासंगं," ती म्हणाली. "जिंकलात तर टेबलं न्या. हरलात तर न्हाई न्यायची."

"मला येतंय कुठं?"

"कावून? इतकी वर्षं गल्ल्यावरून डोळं फाडून बघताय की!"

पोरांनी एकच गिल्ला केला. मामा गल्ला सोडून उठला, वाघ-बकरीच्या टेबलाशी बसला. तीन वाघ, म्हणजे बुचं, मामीचे; बकऱ्या, म्हणजे चिंचोके, मामाच्या. बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. वाघानं बकरीवरून उडी मारून तिला खायचं, पण पलीकडचं घर रिकामं असेल तरच. आणि काय सांगू, मामा खेळला! चिंचोका पुढं सारायचा, मिशीवरून हात फिरवायचा. बघता बघता दोन वाघ कोंडले गेले. तिसऱ्याचाही श्वास कोंडत आला. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

मामानं एक चिंचोका उचलला. चूक! ती बकरी हलली असती तर वाघाला उडीची वाट मिळाली असती आणि मामी सुटली असती. ते आम्हा सगळ्यांना दिसलं. मुक्तानं तोंडावर हात दाबला. मामी क्षणभर टेबलाकडं बघत राहिली, तिनंच रंगवलेल्या त्या रेघांकडं.

"अहो, ती नका उचलू," ती म्हणाली. "मागचं घर मोकळं पडतंय. वाघ खाईल."

मामानं चिंचोका परत ठेवला, दुसरा सरकवला. तिसरा वाघ कोंडला गेला. मामी हरली.

कुणी टाळी वाजवली नाही. मामी उठली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "घ्या भाऊ, उचला."

"थांब रे!" मामा ओरडला. "ह्यो डाव धरायचा न्हाई. तू सांगितलंस म्हणून जिंकलो."

"धरायचा! पहिल्या डावाला सांगायचंच असतंय. माझ्या घरात रडीचा डाव न्हाई चालत."

"मग मी न्हाई नेत टेबलं!"

"न्यावीच लागतील!"

नवराबायको भांडताहेत, पण तो तिच्या बाजूनं आणि ती त्याच्या बाजूनं! आम्ही हसून हसून खाली बसलो. शेवटी मुक्ताच ओरडली, "मग दुसरा डाव खेळा की!"

खेळले. आता मामा नवखा नव्हता, त्यामुळं मामीनं तोंडातून अक्षर काढलं नाही. टेम्पोवाला इंजिन बंद करून मामाच्या मागं उभा राहिला. मामीच्या वाघांनी बकऱ्यांचा असा फडशा पाडला की मामाला घाम फुटला. पोरं नाचत होती, टेम्पोवाला "अरारारा" करत होता, आणि मामा डोकं खाजवत हसत होता. त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"जा रे बाबा रिकामाच," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. मग चिंचोके स्वतःच पटावर मांडायला लागला. "बस गं. आणखी एक."

मामीचे डोळे भरून आले होते. मी तिला हळूच म्हटलं, "वाचली की गं तुझी टेबलं!"

"टेबलांचं काय घेऊन बसलीस," मामी म्हणाली. "कुठकुठले ड्रायव्हर माझ्यासंगं खेळून गेले. ह्यो एकच घरातला माणूस ऱ्हायला व्हता."