वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून

बोरिवलीच्या बाभईत, बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर विद्याधर राहतात. वय चव्वेचाळीस. यांच्या घरचा एक कायदा आधी ऐकून घ्या: आजाराचं नाव घरात काढायचं नाही. वास्तुपुरुष म्हणे सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो, कधी आपल्याच बोलण्यावर म्हणेल याचा नेम नाही. त्यामुळे विद्याधरांना सहा वर्षं मधुमेह आहे, पण घरात त्याला नुसतं ‘ती गोळी’ म्हणतात. आंबा बर्फी मात्र त्याच वास्तुपुरुषाच्या नाकासमोर खाल्लेली चालते. त्याला तो काही बोलत नाही.

अंधेरीला एमआयडीसीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या राजारामला पक्षाघात झाला, तेव्हा मात्र विद्याधर हादरले. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने भरलं. पण पुढचे आठ महिने पगार नाही, त्याचं काय? राजारामच्या मुलीचं कॉलेज सुटलं. इकडे विद्याधरांचा केयूर बारावीला आणि घरात कमावणारे हे एकटे. म्हणून त्यांनी गंभीर आजाराची पॉलिसी घ्यायचं ठरवलं. यादीतला आजार निघाला की ठरलेली रक्कम एकदम हातात पडते, हॉस्पिटलचं बिल कितीही असो.

एजंट सुशांत आला, त्याला यांनी दारातूनच जिन्यात नेलं. कॅन्सर, किडनी, हार्ट अटॅक ही नावं हॉलमध्ये कशी वाचायची? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे विद्याधर रोज वर येताना चपलेचा पट्टा नीट करायला थांबतात, तिथे पायरीवर पेपर टाकून दोघं बसले. सुशांतने सांगितलं की यादीत आजार किती आहेत हे मोजू नका, आजार कुठल्या टप्प्याला गेला की पैसे मिळतात ते बघा. पहिले नव्वद दिवस काही मिळत नाही, आणि निदानानंतर महिनाभर तरी जगावं लागतं. विद्याधरांनी तीन कंपन्यांची पत्रकं पेन्सिलीने रेघा मारत ताडून पाहिली. एवढी अक्कल पाजळून झाल्यावर फॉर्मवर ‘मधुमेह आहे का?’ याच्यापुढे त्यांनी काय लिहावं? ‘नाही’. म्हणे स्वतःच्या हाताने अशुभ कशाला लिहायचं. धन्य आहे!

चार दिवसांनी, त्यांची बायको सुनंदा देवापुढे दिवा लावत होती तेव्हा कंपनीचा फोन आला. पलीकडची बाई म्हणाली की कॉल रेकॉर्ड होतोय, आणि माहिती खोटी निघाली तर क्लेम मिळणार नाही. मग तिने सगळा फॉर्म पहिल्यापासून विचारायला घेतला. विद्याधर लगेच जिन्यात पळाले. जिन्यात रेंज नाही. मुकाट्याने हॉलमध्ये परत आले, तर प्रश्न नेमका मधुमेहाचा. क्लेम नाकारला गेला तर केयूरचं काय होईल, हे त्यांना राजारामच्या मुलीवरून चांगलं माहीत होतं. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ केली.

“हो,” ते म्हणाले. “मला मधुमेह आहे. सहा वर्षं झाली.”

घर होतं तिथेच राहिलं. सुनंदाने काडेपेटी खाली ठेवली आणि ती उठून त्यांच्याकडे आली. आता ही फोन हिसकावून घेणार, असं त्यांना वाटलं.

“आणि जिन्यात चपलेचा पट्टा नीट करायला थांबता ना, तेव्हा छातीत दुखतं,” ती म्हणाली. “तेही सांगा.”